घरच्या डीव्हीडीवर ५.१ आवाज: डॉल्बी घ्यायचा, डीटीएस की पीसीएम?

आमच्या ढोल पथकाची मिरवणूक चार माईक लावून रेकॉर्ड केलीये, नाशिकच्या वाकडी बारवपासून पुढची दीड तासाची. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, असे आवाजाचे सहा वेगळे चॅनल; डॉल्बी, डीटीएस आणि पीसीएम हे तो आवाज डिस्कवर साठवायचे तीन प्रकार. ज्यांच्याकडे असंच काही पडलंय आणि डिस्क बनवून नातेवाईकांना द्यायचीये त्यांच्यासाठी लिहितोय, कारण यात पैसे घालवायची गरजच नाहीये.

पीसीएम म्हणजे काहीच न दाबता जसाच्या तसा आवाज, ऐकायला भारी वाटतं, पण १६ बिट ४८ किलोहर्ट्झचे सहा चॅनल धरले तर दीड तासाला ३.१ जीबी जातात आणि साध्या डिस्कमध्ये जागाच ४.७ जीबी, मग उरलेल्यात व्हिडिओ इतका दाबावा लागतो की गुलाल उधळला की नुसते चौकोन दिसतात. शिवाय प्लेअरपासून रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरला) जोडायच्या ऑप्टिकल केबलमधून पीसीएमचे दोनच चॅनल जातात. म्हणून हा बाद.

डीटीएस आवाज दाबून साठवतो, फुल रेटला दीड तासाला साधारण १ जीबी खातो. ताशाच्या काड्यांचा कडकडाट मला त्यात जरा मोकळा वाटला, खरंच. पण डीव्हीडीच्या नियमात डीटीएस ऐच्छिक आहे, प्लेअरने तो वाजवलाच पाहिजे असं नाही. मी पहिली डिस्क फक्त डीटीएसवर काढून मामांना सिडकोत नेऊन दिली, तर टीव्हीवर चित्र चालू आणि आवाज शून्य, मामी बिचाऱ्या रिमोटचा आवाज वाढवत बसल्या, मला फार वाईट वाटलं. त्यात एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओ बदलायच्या फुकटच्या प्रोग्राममधला डीटीएस एन्कोडर (डीटीएस फाईल बनवणारा भाग) अजून प्रायोगिकच आहे. घरी रिसीव्हर असेल तर दुसरा ट्रॅक म्हणून टाका, एकटा नको.

राहिला डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी-३. ४४८ केबीपीएसला (सेकंदाला ४४८ किलोबिट) दीड तासाचे जेमतेम ३०० एमबी होतात, डीव्हीडी प्लेअर तो वाजवतातच, दोनच स्पीकर असले तर प्लेअर स्वतः सहाचे दोन करून देतो. पेटंटं २०१७ मध्ये संपली, एसी-३ बनवणारे आफ्टेन आणि एफएफएमपेग दोन्ही प्रोग्राम फुकट, कमांड लिहायचा कंटाळा असेल तर ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या प्रोग्राममधूनही निघतो. ६४० निवडू नका, तो ब्लू-रेसाठी, डीव्हीडीला कमाल ४४८च.

आता खरी मेहनत कुठे घ्यायची ते सांगतो. ढोलाचा सगळा दणका सबवूफरच्या चॅनलमध्ये टाकायचा मोह होतो, तो टाळा, कारण सहाचे दोन होताना तो चॅनल बहुतेक वेळा गाळलाच जातो आणि टीव्हीवर नाशिक ढोल डबा बडवल्यासारखा वाजतो. दणका पुढच्या डाव्या-उजव्यात राहू द्या, सबमध्ये थोडासाच. दुसरं, चॅनलचा क्रम. वेव्ह फाईलमध्ये डावा, उजवा, मधला, सब आणि मग मागचे दोन असे असतात, क्रम चुकला की मागची गर्दी मधल्या स्पीकरमधून बोंबलते. मी आधी प्रत्येक चॅनलवर स्वतःच्या आवाजात "डावा", "मधला", "मागचा उजवा" बोलून अर्ध्या मिनिटाची फाईल करतो, ती रीरायटेबल डिस्कवर जाळून मामांच्याच प्लेअरवर लावून बघतो, सगळं जागच्या जागी ऐकू आलं की मगच खरी डिस्क काढतो.