नुसता बेल्ट नको, टेन्शनरही बघा: जळक्या रबराच्या वासावरचा इलाज, काही महिन्यांनंतर

घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगतो. गाडीत जळक्या रबराचा वास येतोय आणि गॅरेजवाला नुसता फॅन बेल्ट बदलून देतोय, तर तो बेल्ट जळला कशाने हे आधी त्याच्याकडून वदवून घ्या. माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये ऐन नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट देणारी चाकी) असा पूर्ण सेट बसवला. त्यावर पावसाळा गेला, दिवाळी गेली, आता सकाळी काचेवरचं दव पुसून निघावं लागतं. वास परत आलेला नाही.

सुरुवात एप्रिलात झाली. नागपुरात वर्धा रोडला सिग्नलवर उभं राहिलं, एसी चालू असला की वास यायचा. गाडी पळायला लागली की गायब. एसी बंद केला तर उभ्या गाडीतही येत नव्हता. अर्धं निदान खरं तर इथेच झालं होतं. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास गेला की कंडेन्सरमधला (गाडीच्या तोंडाशी असलेल्या एसीच्या जाळीतला) गॅस नीट थंड होत नाही, त्याचा दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर फिरवायला जास्त जोर लागतो. त्यात रेडिएटरचा पंखा सुरू, म्हणजे वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवरही भार. हे सगळं ओढायचं त्या एका बेल्टने, तेही इंजिन आयडलवर असताना. पकड जरा कमी असली की बेल्ट पुलीवर घसरतो, तापतो, आणि मग तो वास.

तरी बाकीचे संशयित तपासून घेतले, कारण 'रबर जळतंय' असं वाटणारे वास बरेच असतात. एसीची हवा आतल्या आत फिरवायच्या बटणावर ठेवली तर वास कमी व्हायचा. बाहेरची हवा काचेखालच्या जाळीतून आत येते, म्हणजे वास बॉनेटखालचाच असण्याची शक्यता जास्त. ब्रेक चिकटत असेल तर थोडं चालवून थांबल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागतं (हात जवळ न्या, रिमला लावू नका). तसं काही नव्हतं. क्लचचा वास चढावर किंवा रिव्हर्स घेताना येतो आणि तो जळक्या कागदासारखा असतो. तेल एग्झॉस्टवर ठिबकलं तर उग्र, धुरकट. वायरिंगचा वास प्लास्टिकचा. उंदरांनी वायर कुरतडली असेल तर हा प्रकार होतो आणि त्यात वाट बघायची नसते, गाडी तिथेच बंद करायची. सायलेन्सरला चिकटलेली पन्नीही तपासा. हसू नका, आपल्या रस्त्यांवर हे होतं.

पहिल्या गॅरेजने बॉनेट उघडलं, बेल्ट चमकतोय म्हणाले आणि बदलला. निदान चूक नव्हतं, अर्धवट होतं. बेल्टच्या आतल्या धारा (लांबीभर जाणाऱ्या उभट रेघा) काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि पुलीभोवती काळी भुकटी साचली होती. दोन्ही घसरण्याच्याच खुणा. पण नव्या बेल्टवरही काही आठवड्यांत तोच वास. परत गेलो तर त्यांनी साबणाची वडी फिरवून दिली. साबणाने घसरत्या बेल्टचा चिरचिर आवाज तात्पुरता बसतो, पकड वाढत नाही.

मग मानेवाड्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी चालू इंजिनवर बेल्टच्या धारांच्या बाजूला पाण्याचा फवारा मारला. पाण्याने आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत, वाढला तर ताण कमी. आमचा वाढला. एसी लावला की टेन्शनरचा दांडा थडथड उडताना दिसत होता. इंजिन बंद करून बेल्ट काढला, एकेक पुली हाताने फिरवली. आयडलरच्या बेअरिंगमधून खरखर येत होती. ते म्हणाले, "भाऊ, बेल्ट बिचारा काय करन? याले ताणून धरणाराच ढिला पडून राहिला."

दुसरी गोष्ट त्यांनीच दाखवली. बेल्टच्या पाठीवर ६पीके१२३० अशा धर्तीचा नंबर असतो. ६ म्हणजे धारा, पीके हा धारांचा प्रकार, आणि शेवटचा आकडा लांबी, मिलिमीटरमध्ये. पहिल्या गॅरेजने बसवलेला बेल्ट कंपनीच्या नंबरपेक्षा थोडा लांब निघाला. आधीच थकलेला टेन्शनर, त्यात लांब बेल्ट. पकड राहणार कुठून? आता पार्ट घेताना बिलावर नंबर लिहून घेतो आणि जुना पार्ट परत मागतो.

खर्चाचं बोलायचं तर टेन्शनर बेल्टपेक्षा बराच महाग पडतो, म्हणूनच तो टाळला जातो. जुन्या काही गाड्यांमध्ये स्वयंचलित टेन्शनर नसतोच, अल्टरनेटरचा बोल्ट सरकवून ताण देतात. तिथे हा खर्च वाचतो, पण ताण अंदाजाने दिला तर उलटा त्रास. गरजेपेक्षा जास्त ताणलं की अल्टरनेटरचं बेअरिंग जातं.

वापरातला अनुभव: जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दुपारच्या ट्रॅफिकमध्ये एसी पूर्ण लावून चालवली, वास नाही. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यातून गेल्यावर क्षणभर चिरचिर यायची, बेल्ट सुकला की बंद, ती चालायचीच. दिवाळीत छिंदवाड्याला गेलो, सिल्लेवानी घाटात एसी लावून चार माणसं आणि सामान, सगळं व्यवस्थित. एसी पहिल्यापेक्षा जास्त गार झाला असं घरचे म्हणतात; कॉम्प्रेसरला आता पूर्ण फेरे मिळतात म्हणून असेल. तक्रार एकच. थंडीत पहाटे गाडी सुरू केल्यावर टेन्शनरकडून बारीक सूं आवाज येतो आणि इंजिन गरम झालं की जातो. मिस्त्री म्हणतात चालू द्या. माझं समाधान झालेलं नाही, मार्चच्या सर्व्हिसिंगला बेल्ट काढून पुली पुन्हा हाताने फिरवून बघायला सांगणार आहे.

तुम्ही स्वतः बघणार असाल तर भेगा शोधत बसू नका. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात, म्हणून धारांची खोली बघायची. आणि वासासोबत बॅटरीचा लाल दिवा लागला तर एसी बंद करून टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवा. काही गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंपही याच बेल्टवर असतो. काटा चढत असेल तर गॅरेजपर्यंत नेण्याच्या नादी न लागता बाजूला घेऊन इंजिन बंद करा. टोचनचा खर्च इंजिन तापून गेलेल्या हेड गॅस्केटपेक्षा कितीतरी कमी.