घरच्या तंबाखूचे सात महिने: पीक आलं, सुकवणं अंगावर आलं

ऑगस्टअखेर बी टाकलं, आता मार्च संपतोय. बाबांच्या तंबाखू-चुन्यासाठी परसात तीन वाण लावले: निपाणीकडचा बिडीचा, बर्ली आणि रस्टिका. व्हर्जिनिया वाणाच्या वाटेला गेलो नाही, १९७५ च्या कायद्यानुसार त्याला तंबाखू मंडळाची नोंदणी लागते. बी उगवलं छान. फक्त मातीखाली दाबू नका, त्याला उजेड लागतो.

बर्लीचं पाकीट ३५० रुपयांचं. पानांना देठ दिसले तेव्हाच शंका आली, डिसेंबरात पिवळी फुलं आली. म्हणजे तीही रस्टिकाच! बर्लीचं फूल गुलाबी असतं. विक्रेत्यानं फोटो मागवले आणि नंतर उत्तरच नाही. त्या ३५० रुपयांची चीड अजून गेली नाही.

पण खरं दुखणं सुकवण्याचं. जानेवारीत पानं पत्र्याच्या शेडखाली दोरीवर टांगली. चार दिवसांत कडक, तीही हिरवीच. चुरडलं तर गवताचा वास. युरिया जास्त झाला, असं मी दोन आठवडे धरून बसलो होतो. तसं नव्हतं. तोडलेलं पान पिवळं पडायला काही दिवस ओलं, जिवंत राहावं लागतं. नागपूरच्या कोरड्या हवेनं पाणी आधीच ओढलं आणि हिरवा रंग आतच अडकला.

मग फेब्रुवारीतच माळ्यावरचा कूलर उतरवला. नव्या ताट्या लावल्या, मागच्या खोलीत पानं टांगली, आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास राखली. दोन रात्री ८० च्या वर गेली तर जाड शिरांवर बुरशी धरली, आठ पानं फेकली. बाकीची आधी पिवळी, मग तपकिरी झाली. शीर कट्कन मोडेल इतकी वाळायला पाच आठवडे लागले. शेडमधल्या पानांशी तुलनाच नाही, वाससुद्धा वेगळा.

दंवानं भिजलेली पानं उघड्या हातांनी तोडू नका. निकोटीन कातडीतून अंगात जातं. मला दुपारपर्यंत गरगरून उलट्या झाल्या. हातमोजे साठ रुपयांत मिळतात.

रस्टिका बाबांनी पहिल्याच चिमटीला थुंकली, तिच्यात निकोटीन फार. निपाणीचं पान मळून बराच वेळ तोंडात धरलं आणि म्हणाले, "अजून महिनाभर पडू दे." तो डबा कपाटात ठेवलाय. दुसऱ्या खेपेची पानं अजून पिवळी आहेत आणि उन्हामुळे कूलर बाबांच्या खोलीत न्यावा लागला. सध्या दारावर ओला गोणपाट टाकतोय, दर दोन तासांनी.