बाहेरून पॅच की आतून सोल्डर?
फोनला घरच्या घरी वायरलेस चार्जिंग बसवायचं तर सोपा मार्ग म्हणजे क्यूआय (Qi, वायरलेस चार्जिंगचं मानक) रिसीव्हर पॅच, त्याची पातळ कॉइल मागच्या कव्हरखाली चिकटवायची, तिची चपटी पट्टी वळवून टाइप-सी पोर्टमध्ये घालायची, झालं. ५ व्होल्टला साधारण १ अँपिअर मिळतो, रात्री लावून झोपायला बास आहे, पण पोर्ट अडकून बसतं आणि मेटल बॅक असेल तर विषयच संपला.

दुसरं म्हणजे फोन उघडून रिसीव्हरच्या आउटपुटच्या दोन वायरी पोर्टच्या पॉझिटिव्ह आणि ग्राउंडला सोल्डर करायच्या. पोर्ट मोकळं राहतं, दिसतंही कंपनी फिटिंगसारखं! पण वॉटरप्रूफ सील जातं, आणि मध्ये शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) नसेल तर केबल लावल्यावर करंट उलटा रिसीव्हरमध्ये शिरू शकतो. पोर्ट खराब झालेल्या जुन्या फोनवरच हे करा, रोजच्या फोनला माझं मत पॅचलाच.