स्वयम् वर कॉस्टिंग शिकलो: उद्यमबागेतल्या जॉबवर्कवाल्याचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगतो, छोटा कारखाना चालवणाऱ्या माणसासाठी ‘स्वयम्’ ही केंद्र सरकारची ऑनलाइन कोर्सची फार मोलाची सोय आहे. फक्त कोर्स लावताना आपल्या वह्या, बिलं आणि चलनं शेजारी घेऊन बसायला हवं. नुसते व्हिडिओ बघून परीक्षेपुरतं येईल, धंद्याला त्याचा उपयोग व्हायचा नाही.

बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं, जॉबवर्क आहे; दुसऱ्यांचे पार्ट मजुरीवर करून द्यायचे. हायड्रॉलिकचे पार्ट आणि फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं मशिनिंग ही मुख्य कामं. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो कॉलेजच्या क्रेडिटसाठी स्वयम् वर एक विषय करत होता, त्याच्यामुळे मला हे कळलं. केंद्र सरकारनं २०१७ साली हे सुरू केलं. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटेलचे कोर्सही त्याच्यावरच मिळतात. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्र पाहिजे असेल तरच परीक्षेची फी. एनपीटेलच्या कोर्सना पंचवीस टक्के गुण दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि पंचाहत्तर टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे असतात. वयाची किंवा पदवीची अट नाही. माझ्या वयाचा माणूस नाव घालू शकतो का, असं मला बरेच जण विचारतात, म्हणून लिहिलं.

मी कॉस्ट अकाउंटिंग घेतलं, कारण मला एकाच प्रश्नाचं उत्तर पाहिजे होतं: माझ्या मशीनचा तासाचा खरा खर्च किती? आमच्या भागात रेट बहुतेक शेजारच्या शेडवर ठरतो. तो साडेतीनशे घेतो ना, मग आपण तीनशे चाळीस. पार्टी, म्हणजे काम देणारी कंपनी, तेवढ्यावर खूश होते, पण आपल्याला काय सुटतं ते कुणी मांडून बघत नाही.

मशीन अवर रेटचा, म्हणजे मशीनच्या तासाच्या खर्चाचा, धडा मी तीनदा ऐकला आणि मग कागद घेऊन बसलो. समजायला सोपं पडावं म्हणून इथं गोल आकडे देतो. चोवीस लाखांचं मशीन आठ वर्षं धरलं, तर घसारा वर्षाला तीन लाख. कर्जाचं व्याज सरासरी एक लाख वीस हजार. दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर, महिना वीस हजारांप्रमाणे चार लाख ऐंशी हजार. इन्सर्ट, कुलंट, ऑइल दीड लाख. मेंटेनन्स साठ हजार. शेडभाडं आणि ऑफिसचा वाटा एक लाख ऐंशी हजार. वीज सोडून बेरीज होते बारा लाख नव्वद हजार. वीज तासाला पाच युनिट आणि युनिटला आठ रुपये धरली, तर तासाला चाळीस रुपये.

आता भागायचं कशानं? तीनशे दिवस, रोज सोळा तास, म्हणजे चार हजार आठशे तास. त्यानं भागलं की वीज धरून रेट येतो सुमारे ३०९ रुपये. पण सेटिंग, माल नाही, टूल तुटलं, ऑपरेटर गावाकडं गेला, असं सगळं वजा करून मशीन खरंच सत्तर टक्के चाललं, तर तास उरतात तीन हजार तीनशे साठ आणि रेट होतो ४२४ रुपये. मशीन तेच, माणसं तीच, आणि फरक तासाला एकशे पंधरा रुपयांचा! तीनशे चाळीसनं काम घेणारा महिनाभर राबून तोटा अंगावर घेतो आणि त्याला ते कळतसुद्धा नाही. हे समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून मशीनशेजारी एक वही लावली: कधी थांबलं, का थांबलं. पहिल्या आठवड्यातच आमचे जुने ऑपरेटर मामा म्हणाले, “मालक, मशीन थांबलं ते मी लिहूलालो, पण माल वेळेत आला नाही हे कोण लिहिणार?” त्यांचं बरोबर होतं. वहीत ‘मालाची वाट’ असा वेगळा रकाना केला आणि सगळ्यात जास्त तास त्याच रकान्यात निघाले. ही गोष्ट कुठल्या व्हिडिओत नाही, मामांनी दाखवली. पण कोर्स केला नसता तर त्यांचं म्हणणं किती रुपयांचं आहे हे मला कळलं नसतं.

भाषेचं म्हणाल तर माझ्या कोर्समधली व्याख्यानं इंग्रजीत होती. काही एनपीटेल कोर्सचं लेखी भाषांतर मराठीत आणि कन्नडातही मिळतं, ते आधी बघा. मी व्हिडिओ हळू लावतो आणि प्रत्येक संज्ञेपुढं आपल्या शेडमधलं उदाहरण मराठीत लिहून ठेवतो. उदाहरणं बहुतेक मोठ्या कंपन्यांची असतात, त्यामुळे ती आपल्या मापात आणायचं काम आपल्यालाच करावं लागतं. वेळ लागतो, पण खरं शिकणं तिथंच होतं असं माझं मत.

खर्चानंतर आपोआप उधारीकडं वळलो. हे स्वयम् वर नाही, छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ वाचून समजून घेतलं. सरकारकडं उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यायचं असतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. पार्टीशी भांडायला म्हणून मी हे वापरत नाही. बिलावर उद्यम नंबर आणि मुदत छापायला लागलो. एका पार्टीचे अकाउंटंट त्यानंतर स्वतःहून फोन करून तारीख सांगायला लागले.

कोणी घ्यावं? ज्याच्याकडं एक ठरलेला प्रश्न आहे त्यानं. ‘बिझनेस मोठा करायचाय’ म्हणून एकदम चार कोर्स लावले, तर दुसऱ्या आठवड्यात सुटतात. ओळखीतल्या दोघांचं तसं झालं. एनपीटेलचे कोर्स साधारण जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. पहिल्यांदा चार किंवा आठ आठवड्यांचाच घ्या, आणि मार्चएंडच्या गडबडीत परीक्षेची तारीख येते का ते आधी तपासा.

यंदा मी क्वालिटी कंट्रोलचा विषय घेतोय, रिजेक्शनच्या वहीसाठी. उद्यमबाग, मच्छे किंवा खानापूरकडचं कोणी करत असेल, तर रविवारी सकाळी माझ्या शेडमध्ये या, एकत्र बसून आपापले आकडे मांडू.