रॅक बदलला, थरथर तिथेच: खड्ड्यानंतरच्या एका बिलाची चिरफाड

मुंबई-गोवा महामार्गावर कोलाड-माणगावच्या पट्ट्यात एका छोट्या हॅचबॅकचं डावं पुढचं चाक खड्ड्यात आदळलं. टायर फुटला नाही, गाडी सरळ चालत होती. फक्त काटा ८० च्या पुढे गेला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. गॅरेजवाल्याने बिल केलं ते असं: स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग), दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे खालचे दांडे), डावा शॉकअप, वर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. मजुरी धरून चाळीस हजारांच्या घरात. पैसे देऊन गाडी हायवेला काढली, तर ८० ला थरथर हजर! दुसऱ्या गॅरेजात चाक काढून पाहिलं तेव्हा रिमची आतली कड वाकलेली निघाली. नवी लोखंडी रिम बसली, बॅलन्सिंग झालं (रिमला छोटी वजनं लावून चाकाचा भार सगळीकडे सारखा करणं), विषय संपला. तो खर्च पहिल्या बिलाच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता.

अशी फसवणूक खपते, कारण थरथर हातात जाणवते आणि हातात स्टिअरिंग असतं. मग ‘रॅक गेलाय’ हे कुणालाही पटतं. खरं तर रॅक ढिला झाला तर खडबडीत रस्त्यावर खटखट वाजतं, स्टिअरिंगला मोकळा खेळ येतो, म्हणजे ते ढिलं हलतं. ठरावीक वेगालाच सुरू होणारी थरथर बहुतेक वेळा चाकातून येते. १४ इंची रिमच्या कडेला एका बाजूला ३० ग्रॅम वजनाचा फरक पडला, तर १०० च्या वेगाला चाक सेकंदाला चौदा-पंधरा वेळा साधारण साडेचार किलोचा हिसका देतं. ४० ला तोच हिसका पाऊण किलोवर येतो, म्हणून गावात गाडी गुणी वाटते.

वेग आणि प्रसंग नीट सांगितले तर निम्मं निदान तिथेच होतं. ८० ते ११० मध्ये थरथर: बॅलन्सिंग गेलंय किंवा रिम वाकलीय. ३०-४० लाच गाडी डुलत असेल, तर रिम जास्त वाकलीय किंवा टायरच्या आतल्या तारा तुटल्यात. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर: ब्रेकची डिस्क. गाडी एका बाजूला ओढते, पण थरथरत नाही: अलाइनमेंट. नुसत्या अलाइनमेंटने थरथर जाईल असं सांगणाऱ्याकडे गाडी ठेवूच नका.

पार्ट मागवायच्या आधी पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे घालून बघा. डावं डावीकडेच ठेवा. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली सरकली, तर दोष चाकात. रॅकला हात लावायचं कारण उरत नाही.

मग चाक जॅकवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा. विटेवर स्क्रूड्रायव्हर ठेवून त्याचं टोक रिमच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणा आणि चाक हळू फिरवा. फट मिलिमीटरभर कमी-जास्त झाली तरी रिम संशयित. हे आतल्या कडेलाही करा. खड्ड्याचा मार बहुधा तिथेच बसतो आणि बाहेरून चाक झकास दिसतं. रिमवर कुठे स्वच्छ चौकोन दिसला तर तिथलं बॅलन्सिंगचं वजन उडालंय. आत सुकलेला चिखलही हाच खेळ करतो. टायरच्या बाजूला फुगा असेल तर तो टायर गेला, पंक्चरवाला काहीही म्हणो.

बॅलन्सिंगच्या मशीनवर रिमची रुंदी किंवा व्यास चुकीचा भरला की आकडे हवे तसे फुगतात, म्हणून माप भरताना शेजारी उभे राहा. उलटही होतं: वाकड्या रिमला ७०-८० ग्रॅम शिसं लावून स्क्रीनवर शून्य-शून्य आणतात. शून्य आलं म्हणजे चाक गोल झालं असं नाही. वजन ५०-६० ग्रॅमच्या वर जायला लागलं की आधी रिम तपासायला सांगा. लोखंडी रिम थोडी वाकली असेल तर प्रेसवर सरळ होते. अलॉय (मिश्रधातूच्या) रिमला तडा असेल तर वेल्डिंग करून घेऊ नका.

‘प्ले’, म्हणजे हा ढिला खेळ, दाखवण्याची हातचलाखी वेगळीच. चाक उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवतात. स्टिअरिंग मोकळं असतं, सगळं सोबत फिरतं आणि म्हणतात, ‘बघा साहेब, रॅक!’ कुणालातरी आत बसवून स्टिअरिंग घट्ट धरायला सांगा. तरीही खेळ असेल तर टाय रॉड एंडचा (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा) किंवा रॅकचा सांधा बघावा. बारा आणि सहाच्या जागी खेळ असेल तर ब्रेक दाबून परत हलवा. खेळ थांबला तर बेअरिंग, नाही थांबला तर बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा. शॉकअपवर तेल दाखवलं तर बोट फिरवून पाहा. खऱ्या गळतीवर धूळ बसून काळा चिकट थर होतो. कॅनमधून उडवलेलं तेल बोटाला स्वच्छ लागतं.

या मालकाने जुना रॅक मागितला तेव्हा ‘भंगारात गेला’ असं उत्तर मिळालं. जॉब कार्डवर (गाडी सोडताना गॅरेज कामं लिहितं त्या कागदावर) आधीच लिहून घ्या: ‘जुने पार्ट परत हवेत, विचारल्याशिवाय काही बदलू नये, ८० ते १०० ला चालवून दाखवल्यावर पैसे.’ पक्कं बिल आणि हा कागद हातात असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकता येते. नुसत्या तोंडी बोलण्यावर तिथे सांगायला फारसं काही राहत नाही.