पिगमेंट शाईचे आठ महिने, त्यातले तीन फिकट मॅजेंटाचे

मागच्या आठवड्यात प्रिंटरचा नॉझल चेक (शाई उडवणारी बारीक छिद्रं तुंबलीत का ते दाखवणारा चाचणी-कागद) काढला तर फिकट मॅजेंटाच्या, म्हणजे फिक्या गुलाबी रंगाच्या, रेघांची शिडी परत तुटलेली. पाच रंग ठणठणीत, हाच एक गडी आजारी. म्हटलं आता आठ महिन्यांचा हिशोब लिहूनच टाकू.

प्रिंटर सहा रंगांचा, टाकीवाला, मुळात डाय शाईचा, म्हणजे विरघळलेल्या रंगाचा; पिगमेंट शाईत रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात. कागदावर शाई उडवणारं हेड पिएझो, म्हणजे शाई तापवून न उडवता ढकलून उडवणारं, त्यामुळे पिगमेंट पचेल असा भरवसा होता. वॉरंटी संपेपर्यंत दम धरला आणि मगच दुसऱ्या कंपनीची पिगमेंट शाई मागवली. कारण एकच. आधी भरलेल्या स्वस्त डायने काढलेले भिंतीवरचे फोटो वर्षभरात उतरले होते, चेहऱ्यांवरचा लाल तर पार गेलेला. टाक्यांमधली डाय सिरिंजने ओढून काढली, क्लीनिंग लिक्विडने नळ्या धुतल्या, मग पिगमेंट भरली. दोन्ही शाया एकत्र आल्या तर गुठळी होऊ शकते, म्हणून इथे आळस केला नाही.

मॅट कागदावरचा पहिलाच प्रिंट बघून जीव सुखावला. ओला होता तेव्हाच अंगठा फिरवून पाहिला, फासला नाही. फक्त सगळे चेहरे हिरवट. विक्रेत्याने दिलेलं प्रोफाइल (कुठल्या कागदावर कुठला रंग किती सोडायचा ते सांगणारी फाइल) ग्लॉसी, म्हणजे चकचकीत, कागदाचं होतं आणि मी मॅटवर छापत होतो, म्हणजे चूक माझीच. त्याच कागदाचं वेगळं प्रोफाइल करून घेतल्यावर ते दुखणं गेलं.

तिसऱ्या महिन्यात पंधरा दिवस प्रिंटर बंद राहिला आणि फिकट मॅजेंटाच्या शिडीच्या चार पायऱ्या गायब झाल्या. हा रंग इतका फिका की तुटलेली रेघ दिसतच नाही. कागद खिडकीशी धरून डोळे फोडायचे. शेवटी हिरव्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून बघायला लागलो. त्यातून कागद हिरवा आणि गुलाबी रेघ काळपट दिसते, एकेक पायरी मोजता येते. एवढ्या महिन्यांत केलेला सगळ्यात उपयोगी शोध हाच.

मग हेड क्लीनिंग, म्हणजे प्रिंटरनेच शाई ओढून छिद्रं मोकळी करणं. एक, दोन, पाच. इथे माझा कंजूष जीव खरा तळमळला. एका रंगासाठी क्लीनिंग लावलं तरी माझा प्रिंटर सहाही रंगांची शाई ओढतो आणि वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या स्पंजात, ओततो. शाई वाचवायला निघालेला माणूस बाटलीतली शाई स्पंजाला पाजतोय! त्यात पॅडचा काउंटर भरला की प्रिंटर संपावर जातो, ते वेगळंच. आणि लागोपाठ क्लीनिंग केलं की हवा शिरून चांगले रंगही तुटतात. माझा सातव्या फेरीनंतर पिवळा गेला.

सर्व्हिस सेंटरवाल्याने टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाहेरची शाई ना? हेड गेलं." मी विचारलं, हेड गेलं तर बाकीचे रंग कसे येतायत? त्यावर, "साहेब, आता कंपनीचीच शाई वापरा." नव्या हेडचा आकडा ऐकून प्रिंटर उचलला आणि घरी आणला. रात्रभर त्या माणसाला मनात शिव्या घातल्या. शाईवाल्यालाही घातल्या, त्या मात्र नंतर परत घ्याव्या लागल्या.

हेड धडधाकट होतं. प्रिंटर चालू करून हेड बाजूला सरकताच वीज बंद केली, तेव्हा खालचं कॅपिंग स्टेशन, म्हणजे बंद असताना हेड झाकून ठेवणारी रबरी कॅप, दिसलं. रबराच्या कडेवर वाळलेल्या शाईची किनार, दुधावरच्या सायीसारखी. हेड त्यावर नीट बसत नव्हतं, फटीतून हवा लागून नॉझल सुकत होती. डाय वाळली तरी पाण्याने बरीचशी सुटते. या शाईतलं रेझिन एकदा घट्ट झालं की सहज सुटत नाही. डिस्टिल्ड वॉटरचे थेंब कॅपमध्ये टाकले, किनार इअरबडने पुसली आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी एकच क्लीनिंग, सगळ्या पायऱ्या हजर.

राहिला दुसरा त्रास, छापलेला रंग फिका येण्याचा. डाय विरघळलेली असते, पिगमेंटचे कण नुसते तरंगत असतात आणि निवांत सोडले की तळ गाठतात. हेडबरोबर धावणारं कार्ट्रिज आपोआप हलतं, बाजूची टाकी ढिम्म. प्रिंटर हलवला तर शाई सांडणार. म्हणून दर पंधरवड्याला सिरिंजने टाकीतली थोडी शाई हळू ओढतो, हळूच परत सोडतो, बुडबुडे विरेपर्यंत थांबतो. दर तीन दिवसांनी सहाही रंग असलेला छोटा प्रिंट काढतो. एवढी उठाठेव ज्यांना जमणार नाही त्यांनी डायच बरी.

ग्लॉसीबद्दल फार लिहीत नाही. फोटो तिरपा धरला की काळ्या कोटावर तांबूस झाक येते, आणि कपाळावरच्या पांढऱ्या चमकेत शाईच नसल्याने तेवढा तुकडा वेगळाच चकाकतो. चकाकी सगळीकडे सारखी करणारा पारदर्शक थर, म्हणजे ग्लॉस ऑप्टिमायझर, सोडणारी सातवी टाकी या प्रिंटरला नाही. लाड करून उपयोग नाही.

पण खिडकीचा प्रयोग सांगायलाच हवा. एकच फोटो दोनदा छापला होता, एक जुन्या डायमध्ये, एक पिगमेंटमध्ये. दोन्हींचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून चार महिने उन्हाच्या काचेला लावले. परवा पुठ्ठे काढले. डायच्या फोटोत मधोमध सरळ रेघ, उघडी बाजू धुतल्यासारखी. पिगमेंटच्या फोटोत पुठ्ठा कुठवर होता ते मला शोधावं लागलं. बायकोला दाखवला, तिलाही सापडलं नाही.

मागच्या आठवड्यातली तुटलेली शिडी कॅप पुसल्यावर परत जुळली. काळा संपत आलाय, तो त्याच विक्रेत्याकडून मागवलाय. ग्लॉसीवर फोटो काढून मागणाऱ्या नातेवाइकांना आता सरळ नाही सांगतो, आणि फिकट मॅजेंटाची नवी बाटली एवढ्यात घेणार नाही; असली अर्धी आधी संपू दे, क्लीनिंगशिवाय.