ऑफिस सोडून हेवी लायसन्स काढायचा विचार करताय? ह्या ट्रेनिंग सेंटरचा माझा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. पैसे वसूल, शिकवणारे एक नंबर, गाडी जुनी, आणि भरलेल्या गाडीवर हात बसत नाही म्हणून एक स्टार कापला. आता सविस्तर लिहितो, कारण कोर्स लावायच्या आधी मी शोधत होतो तेव्हा सगळीकडे "बेस्ट सर्व्हिस", "स्टाफ चांगला आहे" एवढंच लिहिलेलं होतं, आणि घरदार असलेल्या माणसाला पक्की नोकरी सोडून ट्रकवर बसायचं असेल तर तेवढ्यावर काय ठरवणार.

मी पुण्याजवळ वाघोलीला एका कंपनीत डिस्पॅच आणि बिलिंगला होतो. दिवसभर इन्व्हॉइस काढा, ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) काढा, गाडी गेटवर लागली का विचारा, ड्रायव्हरला फोन करा, कस्टमरला फोन करा, संध्याकाळी सगळ्याची एक्सेल शीट. काम वाईट नव्हतं, पगार वेळेवर होता. पण बरीच वर्षं मी ज्या माणसांना फक्त गाडीच्या नंबरने ओळखत होतो त्यांचं काम मला माझ्या कामापेक्षा जास्त खरं वाटायला लागलं होतं, आणि गाडी चालवायची आवड तर पहिल्यापासूनच. त्यात ओळखीचे मोटर मालक सतत सांगायचे की ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून चांगल्या गाड्या यार्डात उभ्या आहेत. घरी बोललो तर आई म्हणाली, "शिकलेला माणूस तू, ट्रक चालवणार?" बायको म्हणाली, "चालवायचाच असेल तर नीट शिकून चालवा, कुठल्यातरी एजंटकडनं लायसन्स आणू नका." तिचं ऐकलं म्हणून ह्या सेंटरला आलो.

आधी थोडं नियमांचं, कारण हे मला चार ठिकाणी विचारून कळलं. हेवीसाठी म्हणजे ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी वय 20 पूर्ण लागतं, कारचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं, डॉक्टरकडून फॉर्म 1 ए म्हणजे मेडिकल सर्टिफिकेट लागतं आणि ट्रेनिंग स्कूलचं सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म 5 लागतो. ट्रान्सपोर्टचं लायसन्स 5 वर्षांसाठी मिळतं, मग रिन्यू. पूर्वी आठवी पासची अट होती ती 2019 मध्ये काढली. आणि ज्यांना फक्त पिकअप, छोटा हत्ती असलं काही चालवायचंय त्यांनी हा कोर्स लावायची गरज नाही, कारण 6 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की साध्या एलएमव्ही म्हणजे कारच्या लायसन्सवर मालासकट 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. सेंटरवाल्यांनी हे मला स्वतःहून सांगितलं, "तुम्हाला नक्की कोणती गाडी चालवायचीये ते आधी ठरवा, उगाच फी भरू नका" असं. गिऱ्हाईक हातचं जाईल असं बोलणारी माणसं कमी असतात, मला तिथेच विश्वास बसला.

फी आजूबाजूच्या स्कूलपेक्षा बरीच जास्त आहे. पण त्या स्कूलमध्ये काय मिळतं तेही बघून आलो होतो, एका गाडीत पाच-सहा जण कोंबायचे, प्रत्येकाला थोडा वेळ स्टिअरिंग द्यायचं, बाकी वेळ मागे बसून बघायचं. इथे एका वेळी गाडीत दोनच शिकणारे असतात आणि तुमचे तास रजिस्टरमध्ये तुमच्याच सहीने लिहिले जातात.

शिकवणारे काका रिटायर्ड एसटी ड्रायव्हर आहेत, साताऱ्याकडचे. मला पहिले काही दिवस "साहेब" म्हणायचे, मग "भाऊ" वर आले. त्यांची पद्धत अशी की गाडीत बसायच्या आधी गाडीभोवती पूर्ण चक्कर मारायची, रोज, पावसात पण. हातात टॉमी (लोखंडी दांडा) घ्यायची आणि प्रत्येक टायर वाजवत जायचं. मागच्या जोडटायरमधला आतला टायर बसला असेल तर बाहेरून दिसत नाही, बाहेरचा टायर सगळं वजन धरून उभा असतो. चांगला टायर टणटण आवाज देतो आणि टॉमी उसळते, हवा कमी असलेला बद्द वाजतो. काकांनी एकदा मुद्दाम एका आतल्या टायरची हवा कमी करून ठेवली होती आणि आम्हाला काही न सांगता चक्कर मारायला लावली. आवाज ऐकल्याबरोबर कळतं, एकदा कळलं की विसरत नाही. मग एअर टँकचे नळ ओढून रात्रीचं साठलेलं पाणी काढायचं, मग इंजिन चालू.

आणि इथे कारवाल्या माणसाचा पहिला धडा. कारमध्ये चावी फिरवली की निघालो. इथे ब्रेक हवेवर चालतात, हवा भरल्याशिवाय गाडी हलत नाही. बझर वाजत असतो, काटा लाल पट्ट्यातून हळूहळू वर सरकतो, आणि तोपर्यंत हँडब्रेक सुटतच नाही कारण तो स्प्रिंगने लागलेला असतो, हवेने सुटतो. माझ्याबरोबरचा पोरगा ॲक्सिलरेटर दाबून घाई करायला लागला तर काका म्हणाले, "आरं हवा भरू दे की आधी, कुठं गाडी सुटायलीय व्हय तुझी?" हवा भरली की इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायचा आणि काटा किती उतरतो ते बघायचं, सारखा उतरत राहिला तर कुठेतरी लीक आहे, ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही. कानाने सूंऽऽ आवाज शोधायचा. हे सगळं त्यांनी रोज करून घेतलं, एक दिवस सुट्टी नाही.

मैदानावरचा भाग लवकर आटपतो, क्लच, गिअर, आठचा आकडा काढणं वगैरे. रिव्हर्सला मात्र वेळ लागतो आणि ते बरोबरच आहे. दोन ड्रम लावून मधल्या जागेत दहाटायरी गाडी मागे घ्यायची, फक्त आरशात बघून, मान बाहेर काढायची नाही. काका मागे उभे राहायचे पण हात दाखवायचे नाहीत, बंपरच्या पुढ्यात बघायचं नाही, मागच्या टायरकडे बघा एवढंच सांगायचे. आणि आरशात माणूस दिसेनासा झाला की जागेवर थांबायचं, उतरून बघायचं, मग परत बसायचं. मी डिस्पॅचला असताना डॉकला गाडी लावताना ड्रायव्हर दोनदा उतरला की आमची माणसं आरडाओरडा करायची. आता त्या जागेवर बसल्यावर कळलं की तो ड्रायव्हर बरोबर करत होता.

सगळ्यात जास्त पैसे कुठे वसूल झाले असतील तर दिवे घाटात. पहाटे ट्रॅफिक नसताना सासवड रोडने वर न्यायचे आणि उतारावर खरं शिकवायचे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, उतार सुरू व्हायच्या आधी गिअर टाकायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावायचा आणि पायाचा ब्रेक शेवटी. गाडी न्यूट्रल केली की इंजिनची पकड जाते, एक्झॉस्ट ब्रेकही काम करत नाही, मग सगळा भार चाकातल्या ब्रेकच्या ड्रमवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास सुटतो आणि मग ब्रेक दाबला तरी लागत नाही. वर सारखा सारखा ब्रेक पंप केला की हवा संपत जाते ते वेगळंच. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करणारे कितीतरी जण आजही आहेत, आणि खंडाळ्यात, खंबाटकीत, कसाऱ्यात "ब्रेक फेल" म्हणून ज्या बातम्या येतात त्यातल्या काही तरी असल्या तापलेल्या ब्रेकच्या असतात असं काकांचं ठाम म्हणणं. उतरल्यावर एका बाजूला थांबवून आम्हाला चाकाच्या ड्रमजवळ हात नेऊन बघायला लावायचे, हात न लावता, फक्त जवळ. गिअरवर उतरलो तेव्हा कोमट, आणि दुसऱ्या बॅचच्या गाडीने जास्त ब्रेक मारला होता तिथे हात जवळ नेववत नव्हता. पुस्तकात कितीही वाचा, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

थिअरीचा क्लास पण चांगला आहे, चिन्हं पाठ करण्यापलीकडे जातो. अपघात झाला तर काय करायचं ह्यावर एक पूर्ण तास होता, जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे ड्रायव्हरची जबाबदारी आहे, जमाव अंगावर येत असेल तर निदान सरळ पोलीस स्टेशन गाठायचं. जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमावरून ट्रकवाल्यांनी चक्काजाम केला होता, त्यावर क्लासमध्ये जोरदार चर्चा झाली, शिकवणाऱ्या मॅडमनी शांतपणे कायद्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. कामाच्या तासांचं पण सांगितलं, 1961 च्या मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायद्यात दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा होती, लांबच्या पल्ल्याला थोडी सूट (तो कायदा नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहितेत गेला). रस्त्यावर हे किती पाळलं जातं ते सगळ्यांना माहितीये, पण मालकाशी बोलताना आपल्याला माहीत असणं फार महत्त्वाचं आहे, झोप आली असताना "पोचव रे रात्रीत" म्हणणाऱ्याला नाही म्हणता यायला पाहिजे.

आता तक्रारी, कारण सेंटरने ह्या सुधाराव्यात असं मला मनापासून वाटतं.

गाडी जुनी आहे, बीएस 4 (प्रदूषणाच्या जुन्या नियमातली). एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या सगळ्या बीएस 6 आहेत, त्यात डिझेलबरोबर युरियाची वेगळी टाकी असते, युरिया संपत आला की लाइट लागते आणि दुर्लक्ष केलं की गाडी पॉवर सोडते, चढावर अशी गाडी अडकली तर मागे रांग लागते. डीपीएफ रिजनरेशन (धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळणं) चालू असताना सायलेन्सर भयंकर तापतो, तेव्हा सुक्या गवतावर गाडी उभी करायची नाही. यातलं काहीच कोर्समध्ये नाही, मला हे कामावर लागल्यावर उस्तादांकडून (गाडीवरच्या मुख्य ड्रायव्हरकडून) कळलं. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनणाऱ्या ट्रकना तर एसी केबिन पण सक्तीची झालीये. शिकणाऱ्यांना निदान एक नवी गाडी जवळून दाखवायला हवी.

दुसरी तक्रार मोठी. पूर्ण कोर्स रिकाम्या गाडीवर होतो. दहाटायरी गाडीचं भरलेलं वजन कायद्याने 28.5 टनापर्यंत जातं (2018 च्या आधी 25 होतं), रिकामी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. रिकामी गाडी थांबते कुठे आणि भरलेली थांबते कुठे ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, गिअर कधी पाडायचा तेही बदलतं, वळणावर गाडी ओढते तेही वेगळं. मी ऑफिसमध्ये स्पष्ट बोललो की वाळूच्या गोण्या भरून का होईना, दोन दिवस भरलेली गाडी द्या, जास्तीची फी घ्या. "बघतो" म्हणाले. शिकणाऱ्या सगळ्यांनी मागितलं तर करतील, म्हणून इथे लिहितोय.

ताडपत्री बांधणं, रस्सा आवळणं, काट्यावर वजन, बिल्टी (मालाची ट्रान्सपोर्टची पावती), वाराई (माल चढवा-उतरवायची मजुरी), गाडी खाली व्हायला उशीर झाला तर हॉल्टिंग म्हणजे थांबल्याचे पैसे मागणं, हे पण शिकवत नाहीत. कागदांचं मला आधीपासून येत होतं म्हणून निभावलं, ई-वे बिलाला 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर पार्ट बी (बिलातला गाडीच्या माहितीचा भाग) मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकावा लागतो हे मी स्वतः करत होतो. पण माझ्याबरोबरच्या पोराला बिल्टी म्हणजे काय इथपासून सुरुवात होती. एक दिवस ह्या विषयाला दिला तर फार उपकार होतील.

कोर्सनंतरचं पण सांगतो कारण नोकरी सोडणाऱ्यांना तेच हवं असतं. लायसन्स हातात आलं म्हणून लगेच कोणी गाडीची चावी देत नाही, मला आधी जोडीचा ड्रायव्हर म्हणून घेतलं, न्हावाशेवा बंदराच्या लाइनला, उस्ताद चालवणार आणि मोकळ्या रस्त्याला मी. सुरुवातीला पगार आणि भत्ता मिळून डिस्पॅचच्या पगारापेक्षा कमी पडतो, तेव्हा घरखर्चाची काही महिन्यांची सोय करूनच राजीनामा द्या आणि ईएमआय असेल तर दहा वेळा विचार करा. पाठ, कंबर, डोळे आधी तपासून घ्या. घरी रोज संध्याकाळी असायची सवय असेल तर बायको-मुलांशी आधी नीट बोला, मुलीच्या शाळेचा कार्यक्रम हुकतो तेव्हा जे वाटतं ते कुठल्याही भत्त्यात बसत नाही. एवढं सगळं करून मला आज हे काम आवडतं, पूर्ण मनापासून आवडतं, आणि घाटात उतरताना पाय आपोआप ब्रेकवरून बाजूला राहतो आणि हात गिअरवर जातो ते ह्या सेंटरमुळे.

बायकांसाठी: आमच्या बॅचला एक ताई होत्या, त्यांना कुठे वेगळी वागणूक दिली नाही, त्यांचा रिव्हर्स आमच्यापेक्षा चांगला होता. बाथरूम मात्र एकच आहे आणि मैदानापासून लांब आहे, ते बघावं सेंटरने.

जायच्या आधी फोन करून काकांची बॅच कोणती ते विचारा, ती सकाळची असते आणि लवकर भरते. पैसे भरण्याआधी एकदा जाऊन गाडी बघून या, टायर बघा, शिकणारे किती बसलेत ते मोजा, आणि भरलेल्या गाडीवर ट्रेनिंग देता का हे काउंटरवर विचाराच.